पडद्यावरची पृथ्वी कशी घडली?

वर्गातल्या संगणकावर फिरणारी पृथ्वी दाखवली, की मुलांची पहिली मागणी ठरलेली असते : आमचे गाव दाखवा, आमचे घर दाखवा. घर सापडते आणि मग प्रश्न सुरू होतात. "सर, आमच्या घरावर अजून पत्रेच दिसतात. स्लॅब टाकून दोन वर्षं झाली!" "नदीला पाणी आहे आणि शेजारचं तळं कोरडं, असं कसं?" "बाई, आत्ता मैदानात जाऊन हात हलवला तर दिसू का आपण?"

हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पडद्यावर दिसणारी पृथ्वी हे एक छायाचित्र नव्हेच. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या उपग्रहांतून आणि विमानांतून टिपलेल्या असंख्य तुकड्यांची ती गोधडी आहे. एका तुकड्यात पावसाळा नुकताच संपलेला असतो, तर शेजारच्या तुकड्यात मे महिन्याचे ऊन. शिवण इतकी सफाईदार असते, की ती सहसा लक्षात येत नाही एवढेच. ही गोधडी कोणी शिवली, तिचे कापड कुठून आले आणि ते पाहायची परवानगी सामान्य माणसाला केव्हा मिळाली, याचा इतिहास या लेखात पाहायचा आहे. आमच्या मते यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

वाटेत एक मोजपट्टी हाताशी असलेली बरी. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे १८०० मीटर. उपग्रहाच्या प्रतिमेत जमिनीवरचा जेवढा चौरस तुकडा एका ठिपक्यात मावतो, तेवढी तिची विभेदनक्षमता. तेव्हा प्रत्येक काळी लोणारच्या व्यासावर किती ठिपके बसत होते, ते मोजत जाऊ.

गुप्त डोळा आणि उघडा डोळा

उंचावरून छायाचित्रे घेण्याची खटपट जुनी आहे. नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ साली फुग्यातून पॅरिसजवळच्या एका गावाचे छायाचित्र घेतले. पुढे दोन्ही महायुद्धांत विमानातून छायाचित्रण हे शास्त्रच बनले. पण आपल्या गोष्टीची खरी सुरुवात ऑगस्ट १९६० मध्ये होते. त्या महिन्यात अमेरिकेच्या 'कोरोना' या हेरउपग्रह मालिकेतली फिल्म प्रथमच पृथ्वीवर सुखरूप परत आली. 'परत आली' हे शब्दशः घ्यायचे. उपग्रहात साधी फिल्म असे. ती भरली की एका कुपीत घालून पृथ्वीकडे सोडून देत. हवाई छत्रीने तरंगत येणारी ती कुपी प्रशांत महासागरावर एखादे विमान हवेतल्या हवेत आकड्याने अडकवून पकडत असे! त्या पहिल्या खेपेत सोव्हिएत रशियाचा जेवढा भूभाग टिपला गेला, तेवढा त्याआधीच्या यू-२ विमानांच्या सगळ्या हेरगिरी उड्डाणांनी मिळूनही टिपला नव्हता.

१९६७ पासून वापरात आलेल्या या मालिकेतल्या शेवटच्या कॅमेऱ्यांना जमिनीवरची सुमारे १.८ मीटरची वस्तू वेगळी ओळखता येई. फिल्मला ठिपके नसतात, पण आपल्या हिशेबापुरते म्हणायचे तर लोणारच्या व्यासावर हजार ठिपके. मात्र ही चित्रे अतिगुप्त होती. १९७२ साली मालिका संपली आणि आठ लाखांहून अधिक चित्रे कुलपात पडून राहिली.

त्याच वर्षी, २३ जुलै १९७२ रोजी, अमेरिकेने एक उपग्रह उघडपणे सोडला. पुढे त्याला 'लँडसॅट-१' हे नाव मिळाले. पिके, जंगले, खनिजे, पाणी यांचा अभ्यास हा त्याचा हेतू आणि विभेदनक्षमता सुमारे ८० मीटर. लोणारच्या व्यासावर जेमतेम बावीस ठिपके. म्हणजे एकाच देशाच्या गुप्त डोळ्याला हजार आणि उघड्या डोळ्याला बावीस. हा फरक तंत्रज्ञानाच्या मर्यादेमुळे पडलेला नव्हता, हे इथेच लक्षात ठेवू.

१९८२ च्या लँडसॅट-४ पासून ३० मीटरची प्रतिमा मिळू लागली. लोणारचे साठ ठिपके झाले. पण १९८४ साली अमेरिकेने कायदा करून लँडसॅटचा कारभार खाजगी कंपनीकडे सोपवला आणि एका प्रतिमेची किंमत ४४०० डॉलरपर्यंत चढली. एक प्रतिमा म्हणजे साधारण १८५ किलोमीटर लांबी-रुंदीचा प्रदेश. लोणारचे साठ ठिपके हवे असतील, तरी सुमारे एक तृतीयांश विदर्भाएवढा तुकडा विकत घ्यायचा! पुष्कळ विद्यापीठांनी हा नाद सोडून दिला. हा प्रयोग फसल्याचे मान्य करून १९९२ साली कायदा बदलला गेला. १९९९ मध्ये लँडसॅट-७ ची प्रतिमा ६०० डॉलरला मिळू लागली आणि २००८ साली संपूर्ण संग्रह फुकट खुला झाला. विक्रीच्या सर्वांत चांगल्या वर्षी, २००१ मध्ये, सुमारे २५ हजार प्रतिमा खपल्या होत्या. फुकट झाल्यानंतरच्या पहिल्याच पूर्ण वर्षात दहा लाखांहून जास्त प्रतिमा लोकांनी उतरवून घेतल्या. आकाशात उपग्रह तेच होते, ठिपकाही तीस मीटरचाच होता.

या काळात भारत कुठे होता? आपला पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी गेला. त्याच्या बारीक कॅमेऱ्याने लोणारवर सुमारे पन्नास ठिपके बसत. मग २८ डिसेंबर १९९५ रोजी आयआरएस-१सी गेला. त्याच्या कृष्णधवल कॅमेऱ्याचा ठिपका होता ५.८ मीटरचा. त्या वेळच्या अंकीय प्रतिमा देणाऱ्या नागरी उपग्रहांत हा सर्वांत बारीक. (रशिया आपल्या जुन्या लष्करी फिल्मवरची दोन मीटरची चित्रे विकत असे, पण ती फिल्म होती.) लोणारचे तीनशेहून अधिक ठिपके झाले. आयआरएसच्या प्रतिमा एक अमेरिकन कंपनी जगभर विकत होती. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेचा खाजगी 'इकोनॉस' उपग्रह एक मीटरची विभेदनक्षमता घेऊन आला, तोपर्यंत हा मान आपल्याकडे होता. इकोनॉसने लोणारच्या व्यासावर अठराशे ठिपके ठेवले.

मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, अमेरिकेने कोरोनाची चित्रे गुप्ततेच्या यादीतून काढली होती. हिमनद्या किती मागे सरल्या, धरणाखाली कोणती जुनी वस्ती गेली, हे आज संशोधक या हेरगिरीच्या फिल्मवरून मोजतात.

एका शिक्षकाच्या चाळीस उड्या

कापड मिळाले, पण शिवणार कसे? आणि अवकाशातून सरळ अंगणात उतरायची ही कल्पना तरी कोणाची? याची एक वाट थेट एका शाळेपर्यंत जाते. नेदरलँड्समधल्या बिल्टहोवन या गावी केस बूके नावाचे शिक्षक स्वतःची प्रयोगशील शाळा चालवीत. (पुढे राणी झालेली राजकन्या बिआट्रिक्स याच शाळेत शिकली.) मुलांना विश्वाच्या आकाराची कल्पना कशी द्यावी, या खटाटोपातून त्यांचे 'कॉस्मिक व्ह्यू' हे छोटे पुस्तक १९५७ साली निघाले. पहिल्या चित्रात शाळेसमोर खुर्चीत बसलेली एक मुलगी आहे, मांडीवर मांजर. पुढच्या चित्रात आपण दहापट दूर जातो, मग आणखी दहापट. बाहेरच्या दिशेने दीर्घिकांपर्यंत आणि उलट फिरून मुलीच्या हातातल्या अणूच्या केंद्रकापर्यंत. सगळ्या मिळून चाळीस उड्या. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने या पुस्तकावरून 'पॉवर्स ऑफ टेन' हा लघुपट केला. त्याचे १९७७ चे रूप पुष्कळ शिक्षकांनी पाहिले असेल.

कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीचे अभियंते या लघुपटाने भारावले होते. १९९० च्या दशकाच्या मध्यास आपल्या नव्या, लाखो डॉलर किमतीच्या संगणकाची ताकद दाखवण्यासाठी त्यांनी एक प्रात्यक्षिक रचले. अवकाशातून निघायचे, युरोपवर उतरायचे, मॅटरहॉर्न शिखराजवळ जायचे आणि तिथे ठेवलेल्या खेळयंत्रातल्या चकतीत शिरायचे. आणि हे सर्व पुढे-मागे, हवे तसे, हाताने चालवत.

अडचण कोणती होती, ते हिशेबाने पाहू. पृथ्वीवरची जमीन सुमारे १४.९ कोटी चौरस किलोमीटर. मीटरमागे एक ठिपका आणि ठिपक्यामागे रंगांसाठी तीन बाइट धरले, तर सुमारे ४५० टेराबाइट होतात. एवढी माहिती चित्र काढणाऱ्या संगणकाच्या स्मृतीत मावणे अशक्य. पण पडद्यावर एका वेळी मावणारे ठिपके थोडे लाखच! म्हणून सगळी पृथ्वी भरडपासून बारीकपर्यंत अनेक थरांत आधीच तयार ठेवायची, आणि डोळा जिथे आहे तिथला बारीक तुकडा तेवढा स्मृतीत आणायचा. लांबचे भरड थरातून घ्यायचे आणि डोळा सरकला की तुकडा बदलायचा. क्रिस टॅनर, मायकेल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती १९९८ साली 'क्लिपमॅप' या नावाने प्रसिद्ध केली. अंकीय पृथ्वीची खरी किल्ली ही आहे. नको असलेले न आणण्याची ही कला.

हेच काम अटलांटिकच्या पलीकडेही झाले होते. बर्लिनच्या आर्ट-कॉम या गटाने १९९४ मध्ये 'टेराव्हिजन' दाखवले. हातातला मोठा गोल फिरवला, की पडद्यावरची पृथ्वी फिरे. पुढे या गटाने गुगलवर पेटंटचा दावा लावला. अमेरिकेतल्या ज्यूरीने २०१६ साली गुगलच्या बाजूने निकाल दिला, २०१७ मध्ये अपिलातही तो टिकला. कोर्टाचे काय ते असो. एकाच वेळी अनेकांना सुचावी इतकी ही कल्पना तेव्हा पिकलेली होती, असे आम्हांला वाटते.

जून १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'टेरासर्व्हर' सुरू केले, त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. आपली माहितीसंच हाताळणारी प्रणाली एक टेराबाइट माहिती पेलते हे त्यांना सिद्ध करायचे होते, आणि सर्वांना पाहावीशी वाटेल अशी एक टेराबाइट माहिती सापडेना! शेवटी अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाची विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि ती रशियन फिल्म त्यांनी वापरली. या कामामागचे शास्त्रज्ञ जिम ग्रे जानेवारी २००७ मध्ये एकट्याने शिडाच्या होडीतून सॅन फ्रान्सिस्कोबाहेर समुद्रात गेले आणि परतलेच नाहीत. हजारो स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहांच्या ताज्या प्रतिमांचे तुकडे वाटून घेऊन त्यांची होडी शोधली. ती सापडली नाही.

सिलिकॉन ग्राफिक्समधून बाहेर पडलेल्या मंडळींनी २००१ मध्ये 'कीहोल' कंपनीतर्फे ही फिरती पृथ्वी साध्या संगणकावर आणली. कीहोल म्हणजे कुलपाचे भोक. अमेरिकन हेरउपग्रहांच्या कॅमेऱ्यांचे सांकेतिक नावही तेच. २००३ च्या इराक युद्धात वृत्तवाहिन्यांनी बगदाद दाखवायला कीहोलची पृथ्वी वापरली आणि ती घरोघरी पोचली. त्याच वर्षी सीआयएशी संबंधित 'इन-क्यू-टेल' या गुंतवणूक संस्थेने तीत पैसा घातला. ऑक्टोबर २००४ मध्ये गुगलने कंपनी विकत घेतली आणि २८ जून २००५ रोजी 'गुगल अर्थ' फुकट वाटले. (विंडोज संगणकावर या पृथ्वीत नुसते खाली उतरत गेले, की माणूस अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका इमारतीवर पोचे. कीहोलचे एक संस्थापक ब्रायन मॅक्लेंडन लहानपणी तिथे राहत.)

फरश्या आणि फुगलेले ग्रीनलंड

सपाट नकाशांची गोष्ट थोडी वेगळी. १९९६ पासून इंटरनेटवर नकाशे होतेच, पण थोडे सरकायचे म्हटले तरी संपूर्ण चित्र नव्याने मागवावे लागे. फेब्रुवारी २००५ मध्ये आलेल्या गुगलच्या नकाशाने हे बदलले. त्याचे मूळ काम लार्स आणि येन्स रासमुसेन या बंधूंच्या सिडनीतल्या छोट्या कंपनीचे. त्यांनी जगाच्या फरश्या पाडल्या. शून्य पातळीवर सगळे जग २५६ बाय २५६ ठिपक्यांच्या एका फरशीत. एक पातळी खाली उतरले, की प्रत्येक फरशीच्या चार होतात. दहाव्या पातळीवर सुमारे साडेदहा लाख, विसाव्या पातळीवर १.१ लाख कोटी! पडद्याला लागतात फक्त तीसचाळीस. भूमितीय श्रेढी शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

जग चौकोनी फरशीत बसवायला मर्केटर प्रक्षेपण वापरले गेले आणि ते ८५ अंशांच्या किंचित पुढे कापले. मर्केटरमध्ये लहान भागाचा आकार टिकतो, रस्त्यांचे काटकोन काटकोनच दिसतात, म्हणून शहराच्या नकाशाला ते सोयीचे. पण क्षेत्रफळाचे तीनतेरा वाजतात. आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदापट आहे, तरी नकाशावर दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात. भारतापेक्षा ग्रीनलंड प्रत्यक्षात लहान आहे, हे मुलांना फिरती पृथ्वी आणि सपाट नकाशा शेजारी ठेवून दाखवावे. खूप दूरून पाहताना संगणकावरच्या गुगल नकाशाने गोल पृथ्वी दाखवायला २०१८ मध्ये सुरुवात केली.

आपल्याकडे काय झाले

भारतीय सर्वेक्षण विभाग ही १७६७ पासूनची संस्था. तरीही सीमा व किनारपट्टीलगतचे स्थलनिर्देशक नकाशे सामान्य नागरिकाला दीर्घकाळ मिळत नसत, आणि इतर नकाशांसाठीही अर्ज-विनंत्या कराव्या लागत. जगाला सर्वांत बारीक अंकीय प्रतिमा विकणाऱ्या देशात रत्नागिरीच्या भूगोलशिक्षकाला स्वतःच्या तालुक्याचा नकाशा मिळू नये, यातली विसंगती कोणालाही कळेल. २००१ च्या दूरसंवेदन धोरणाने ५.८ मीटरपर्यंतच्या प्रतिमा सर्वांना खुल्या केल्या. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करी आणि खुली अशा दोन नकाशा मालिका केल्या. त्याच वर्षी गुगल अर्थ आले. महिन्याभराच्या वादानंतर नव्हे, तर काही आठवड्यांतच संसद, विमानतळ, छावण्या कोणालाही पाहता येऊ लागल्या. ऑक्टोबर २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. चिंता रास्त होती. पण परदेशी उपग्रह जे पाहतो ते आपल्याच नागरिकापासून लपवून काय साधते, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर आमच्या वाचनात आलेले नाही.

१२ ऑगस्ट २००९ रोजी तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या हस्ते इस्रोच्या 'भुवन'चे उद्घाटन झाले. चित्राच्या झगमगाटात भुवन मागे राहिले, पण पडीक जमीन, पूर, भूजल यांचे विषयवार थर त्यात मिळतात आणि शिक्षकाच्या दृष्टीने ते अधिक कामाचे.

चित्रात छपरे दिसतात, नावे दिसत नाहीत. ती माणसांनीच घालावी लागतात. इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली सुरू केलेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप'मध्ये कोणीही आपल्या गावाचा ओढा, वाडी, शाळा नोंदवू शकतो, मराठी नावासकट. गुगलच्या भारतातल्या कार्यालयात ललितेश कात्रगड्डा यांच्या पुढाकाराने घडलेले 'मॅप मेकर' २००८ मध्ये आले आणि आपल्याकडचे असंख्य रस्ते हौशी लोकांनी उपग्रहचित्रांवरून गिरवले. २०१३ मध्ये याच कामाची स्पर्धा घेतल्यावर सर्वेक्षण विभागाने तक्रार केली आणि प्रकरण सीबीआयच्या चौकशीपर्यंत गेले. मॅप मेकर २०१७ मध्ये बंद झाले. २०१६ च्या एका विधेयकाच्या मसुद्यात चुकीच्या वा विनापरवाना नकाशासाठी शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद सुचवली होती. तो मसुदा कायदा झाला नाही. वारे नेमके उलटे फिरले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना, संवेदनशील बाबी वगळता, पूर्वपरवानगीशिवाय नकाशे करण्याची मुभा दिली.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या दहा मीटरच्या प्रतिमाही आज फुकट आहेत, दर पाच दिवसांनी नव्या. लोणारचे एकशेऐंशी ठिपके. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा २५ मे आणि १० जूनच्या लँडसॅट प्रतिमा शेजारी ठेवून तो बदल कोणालाही पाहता आला. गुगल अर्थमध्ये २००९ पासून जुनी चित्रे तारखेनुसार पाहायची सोय आहे. पत्रे आणि स्लॅब यांचा घोळ तिथे सुटतो.

आता ठिपका काही सेंटिमीटरवर आला आहे, पण उपग्रहातून नव्हे, ड्रोनमधून. आपल्या बहुतेक खेड्यांत शेतीची मोजणी झाली, सातबारा झाला, पण गावठाणातली घरे मोजायची राहून गेली. म्हणून राहत्या घरावर कर्ज मागायला गेले, तर दाखवायला कागद नाही. महाराष्ट्राने ड्रोनने गावठाण मोजायला सुरुवात केली होती. २४ एप्रिल २०२० पासून 'स्वामित्व' या नावाने देशभर ती योजना झाली. ड्रोन उडण्याआधी गावात एक काम करावे लागते. ग्रामपंचायतीची माणसे, भूमी अभिलेखचे कर्मचारी आणि घरमालक मिळून प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढतात. चित्रात मग ती पांढरी रेघ दिसते आणि तिच्यावरून मिळकत पत्रिका तयार होते. रेघ कुठून ओढायची यावर दोन शेजाऱ्यांचे जुळले नाही, तर त्या जागी ड्रोनलाही नुसती दोन छपरेच दिसतात.